एवढं शिकलात, आता या

माझे अब्बा बारा वर्षं मस्कतला आहेत. तिथं खोलीवर त्यांना रांधता यावं म्हणून माझी अम्मी, सकीना, नागोठण्याहून त्यांना व्हिडिओ पाठवायची. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कोलंबीचं कालवण. शिकवायची कमी, ओरडायची जास्त. "पाणी उकळू द्या आधी! परत विसरलात?"

यंदा त्याच व्हिडिओंचा ऑनलाइन कोर्स बनवून मी विकायला ठेवला. घरात चार पैसे जास्त आले तर अब्बा लवकर परततील, असं मला वाटलं. अम्मीचं ओरडणं सगळं कापलं. प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती एकच वाक्य बोलायची, ते तेवढं ठेवलं: "एवढं शिकलात, आता माझ्या हातचं खायला या."

गेल्या रविवारी पुण्याच्या दोन बायका पत्ता विचारत विचारत आमच्या दारात उभ्या! "तुम्हीच बोलावलंत ना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अम्मीनं मात्र त्यांना पोटभर जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं.

परतताना वाटेत ती म्हणाली, "बघितलंस गो अक्सा? परकी मान्सं एका हाकेत आली."