काचेवरची मारिया

मिठबावची ती फिर्याद अजून मनातून जात नाही. साठच्या दशकाची सुरुवात होती. मी देवगडला फौजदार होतो. एक गोरी बाई नऊवारी नेसून ठाण्यात आली आणि मालवणीत म्हणाली, "सायबानु, माझी देवी चोरीक गेली."

बाई हंगेरीची. तिथल्या छप्पनच्या रशियाविरोधी उठावानंतर देश सोडून निघालेली. परक्या बंदरात मिठबावच्या एका खलाशाशी तिची गाठ पडली, लग्न झाले. नवरा बोटीवर, ती सासूजवळ. माहेरचे एकच चित्र तिच्यापाशी होते. आजीने काचेच्या मागून रंगवलेली येशूची आई मारिया, कडेवर बाळ, भोवती लाल ट्युलिप.

"आमच्या पयल्या राजान मरताना मुकुट हिच्या हाती दिल्यान," ती म्हणाली. "ही आमची राणी."

पंचनाम्यात कडी-कोयंडा शाबूत, दागिने जागच्या जागी. परका चोर दागिने सोडून काच नेत नाही.

आठवडाभरात तळेऱ्याच्या चहावाल्याने खबर दिली. एक कल्हईवाला नाक्यावर 'मडमेचा देव' दाखवत होता. त्याला ताब्यात घेतले. चित्र त्याच्या पिशवीत कल्हईच्या नवसागरात पडून ओलावले होते. मारियेच्या चेहऱ्याचा रंग पार सुटला होता.

"साहेब, चोरलं नाही," तो रडकुंडीला आला. "मिठबावच्या म्हातारीनं स्वतः दिलं. म्हणाली, लांब नेऊन टाक."

चोरीचा माल कोणी नाक्यावर मिरवत नाही. मी त्याला घेऊन मिठबाव गाठले. त्याला पाहताच सासू ओट्यावर येऊन स्वतःच सांगू लागली.

"सायबा, रोज सांजचा ती चित्राकडे बगून रडता. तिची देवी तिका परत बोलवता. झील माझो बोटीर. ही गेली तर त्याका काय सांगू?"

सून मी आणून दिलेली, चेहरा नसलेली काच हातात धरून उभी होती.

"आये, माका इचारलंस कित्या नाय? तुझ्या झिलाक दर्यात सांभाळ, म्हणान देवीक सांगत होतंय मी."

तिने फिर्याद मागे घेतली. नवरा रजेवर आला तेव्हा त्याच्याबरोबर ती मुंबईला गेली, ती परत आली नाही. जे टाळायला म्हातारीने हे केले, तेच घडले.

गुन्ह्यामागे नेहमी लोभ किंवा द्वेष असतो, असे मी तोवर मानत होतो. माया आणि भीतीही तेवढेच नुकसान करतात, आणि त्यावर कलम नाही.

पुढे एका तपासासाठी मिठबावला गेलो, तेव्हा म्हातारी एकटीच होती. पाणी देता देता तिने विचारले, "सायबा, तिच्या देवीचा तोंड कसा होता रे? मी कधी नीट बगूकच नाय."

मी पाहिली तेव्हा काचेवर चेहरा उरलाच नव्हता.