पांढऱ्या कापडावर लाल दोरा

ऑफिसात तिला सगळे काकू म्हणत. पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलानं नाव विचारण्याआधीच "काकू, खुर्ची घ्या" असं म्हटलं आणि तेव्हापासून ती सगळ्यांची काकू झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या मुलाला तिनं मनातल्या मनात चश्मिस म्हणायला सुरुवात केलीच होती, तेव्हा फिटंफाट.

त्याआधी कितीतरी वर्षं काकू पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करत होती. खिडकीकडे नुसतं पाहून किती कापड लागेल ते सांगायची आणि सहसा चुकायची नाही. मग दुकानाचे मालक थकले, त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात गेली आणि एके दिवशी दुकानाच्या खिडकीतले पडदे उतरले ते कायमचेच. काकूनं आठवडाभर घरातली सगळी कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरायला घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, कपाटांना आता तुझी भीती वाटायला लागलीय. बाहेर जा कुठेतरी. काहीतरी शीक."

कोपऱ्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. काकू टायपिंग शिकायला म्हणून गेली. तो वर्ग भरला होता, म्हणून वेबसाइट बनवायच्या वर्गात बसली आणि तिथंच रमली. तिला वाटलं होतं, हे काहीतरी गणिताचं प्रकरण असेल. पाहते तर काय, हे शिवणकामच! टॅग नावाची खूण उघडली की ती बंद करायची, नाहीतर सगळं उसवतं. एकदा जाड अक्षराची खूण बंद करायला ती विसरली आणि तिथून खालचं सगळं पान जाडजूड झालं. चौकटीच्या आत अक्षरांना श्वास घ्यायला जागा सोडायची, ती तर शिवणीसाठी कापडाला जास्तीची माया सोडल्यासारखीच. सर शिकवायचे आणि काकू मान डोलवायची. सरांना वाटायचं, हिला सगळं आधीच येतंय.

येत नव्हतंच. तिनं स्वतःहून बनवलेलं पहिलं पान म्हणजे पडद्याच्या कापडाचा हिशेब. खिडकीची रुंदी घाला, चुण्यांसाठी वाढवायचं माप घाला, बटण दाबा, लागेल तेवढं कापड समोर. मोठ्या कौतुकानं तिनं सासूबाईंना बोलावलं, नवऱ्याला बोलावलं. रुंदी घातली दोन. चुण्यांचे घातले दोन. बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, बावीस.

"दोन आणि दोन बावीस?" सासूबाईंनी चष्मा वर केला. "सूनबाई, स्वयंपाकघराची खिडकी आहे की नाटकगृह?"

कॉम्प्युटर आकड्यांना अक्षरं समजला होता आणि बेरीज करायची सोडून त्यानं ती शेजारीशेजारी मांडली होती. हे तिला सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तोवर घरात ती म्हण होऊन बसली होती. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा, मुळात कमी बोलणारा. पण चहात साखर जास्त झाली की तोही म्हणायचा, "आज बावीस चमचे पडलेत वाटतं."

असं पडत, उठत काकू शिकली. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक छोटं ऑफिस होतं. आजूबाजूच्या दुकानदारांना ते वेबसाइट बनवून देत. तिथल्या मोठ्या मॅडमनी काकूचं काम पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी काही महिने कच्ची नोकरी. काम बघू. मग पक्कं करायचं की नाही ते ठरवू." काकूनं हो म्हटलं आणि त्याच आठवड्यात पडद्यांच्या कारखान्यातून आलेलं बोलावणं परत पाठवलं. कारखान्यातली जागा भरली. म्हणजे मागचं दार बंद. आता इथं पक्कं झालं नाही, तर या वयाच्या नवशिकीला दुसरं कोण उभं करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिला ऑफिसातली एकच गोष्ट आवडायची नाही. गिऱ्हाइकाकडून मजकूर येईपर्यंत पानाची मांडणी दिसावी म्हणून त्या जागी काहीतरी निरर्थक अक्षरं भरून ठेवायची पद्धत होती. काकूला ती पाहवत नसत. "अहो, रिकाम्या खिडकीला कुणी फाटका कपडा अडकवतं का?" ती चश्मिसला म्हणायची. मग ती तिथं स्वतःच्या मनानं चार ओळी लिहायची. फुलांच्या दुकानाच्या पानावर शेजारणीच्या वाळक्या कुंड्यांविषयी लिहिलं, चपलांच्या दुकानाच्या पानावर नवऱ्याच्या करकरणाऱ्या बुटांविषयी. खरा मजकूर आला की आपलं काढून टाकायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग गाद्यांच्या दुकानाचं काम आलं.

मालक गादीवाले भयंकर घाईचे. "उद्यापासून सवलत लावतोय, आज वेबसाइट सुरू झालीच पाहिजे!" असं त्यांनी सकाळपासून अनेकदा फोनवर सांगितलं. गाद्यांचे फोटो आले, किमती आल्या, पत्ता आला. 'आमच्याविषयी' या पानाचा मजकूर मात्र आला नाही. तिथं काकूच्याच ओळी होत्या. चश्मिसनं शेवटची नजर टाकायची म्हणून सगळी पानं वाचली, या पानाशी थांबून खूप हसला आणि म्हणाला, "वा! गादीवाले लिहितात झकास!" काकू तेव्हा दुसऱ्या पानावरचा वाकडा फोटो सरळ करण्यात गुंतली होती. तिला वाटलं, खरा मजकूर आला असेल. वेबसाइट सुरू झाली.

दोन दिवसांनी गादीवाल्यांचा फोन आला. मोठ्या मॅडमनी तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, माझी आई माझ्या बायकोशी बोलत नाहीये! काल जेवलीसुद्धा नाही! गिऱ्हाइकं दुकानात येऊन आईला विचारतायत, 'आजी, त्या तुम्हीच का?' हे कुणी लिहिलं?"

मॅडमनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"आमच्या घरी सासूबाई दुपारी आडव्या झाल्या की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. घोरणं असं, की कपाटातली भांडी आपसांत बोलायला लागतात. उठल्यावर विचारलं, तर म्हणतात, 'मी कुठं झोपले? नुसते डोळे मिटले होते.' अशी झोप आपल्या सर्वांना लाभो."

चश्मिसला हसू आवरेना, म्हणून तो टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकला. काकूनं आपल्या ओळी ओळखल्या आणि ती खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"गादीवाल्यांच्या आईला वाटतंय, हे सुनेनं लिहिलं," मॅडम फोन ठेवून म्हणाल्या. मॅडम कधी ओरडत नसत, त्यामुळे त्यांची जास्त भीती वाटे. "मजकूर मी आत्ता काढते. पण बाईंचा राग काही मजकुराबरोबर निघत नाही. तुम्ही घातलेला टाका तुम्हीच उसवा. आणि काकू, शुक्रवारी तुमचं ठरवायचंय, लक्षात आहे ना?"

संध्याकाळी काकू घरी गेली ती पडलेल्या चेहऱ्यानं. सांगावं तर आपल्याच सासूबाईंना काय सांगणार? पण न सांगून चालणार नव्हतं. तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं, ओळीही म्हणून दाखवल्या.

सासूबाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "भांडी बोलतात?"

"हो."

"काय बोलतात?"

तेवढ्यात कोपऱ्यातून नवरा म्हणाला, "आई, हिनं कमीच लिहिलंय."

"तू गप रे! तुझ्या बापाचं घोरणं ऐकलं असतंस म्हणजे कळलं असतं." मग सुनेकडे वळून त्या म्हणाल्या, "उद्या मी येते तुझ्याबरोबर. जे काय असेल ते माझं आहे. ते दुसऱ्या बाईच्या नावावर कशाला?"

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी गाद्यांच्या दुकानात गेल्या. लांबलचक दालनात गाद्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एका टोकाला गल्ल्यापाशी गादीवाल्यांची आई ताठ बसली होती, दुसऱ्या टोकाला त्यांची बायको उशांचे अभ्रे उगाचच घड्या करून पुन्हा उलगडत होती. मध्ये गादीवाले, दोन्हीकडे बघत.

काकूनं हात जोडले. "आजी, ते मी लिहिलं. तुमच्या सुनेचा त्यात काडीचा संबंध नाही. ते आमच्या सासूबाईंविषयी होतं. ह्या बघा, ह्याच त्या."

आजींनी सासूबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "माझ्या सुनेला सोडवायला साक्षीदार आणलात होय? बरं. काय हो, तुम्ही घोरता?"

काकूनं मोठ्या आशेनं सासूबाईंकडे पाहिलं. आणि सासूबाई, ज्या रस्ताभर "मी सांगते बघ कसं ते" म्हणत आल्या होत्या, त्या ताडकन म्हणाल्या, "मी? छे! मुळीच नाही."

"बघा!" आजी सुनेकडे बोट दाखवून म्हणाल्या.

काकूनं डोळे मिटले. शुक्रवार डोळ्यांसमोरच उभा होता. "सासूबाई, अहो, काल घरी तुम्हीच म्हणालात ना..."

"घरातलं घरात. चार माणसांत काय म्हणून कबूल करायचं?" त्या कुजबुजल्या आणि जवळच्या गादीवर बसल्या. "चालून चालून पाय दुखले बाई. जरा पाठ टेकते. तुमचं चालू द्या."

मग चालूच राहिलं. आजी बोलत होत्या, गादीवाले समजावत होते, सून लांबून "मी नाही हो आई" म्हणत होती, काकू पुन्हा पुन्हा माफी मागत होती. आणि त्या सगळ्या गलक्यात हळूच एक आवाज शिरला. आधी वाटलं, बाहेर कुणी जड टेबल ओढतंय. मग तो वाढला. गाद्यांना लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या थरथरल्या. दारातून आत येणारं एक गिऱ्हाईक उंबऱ्यावरच थबकलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नव्याकोऱ्या गादीवर पाठ टेकलेल्या सासूबाई तोंड उघडं टाकून, अगदी मनापासून घोरत होत्या.

आजी उठल्या. जवळ जाऊन त्यांनी वाकून पाहिलं. त्यांच्या ओठांचे कोपरे थरथरू लागले. त्यांनी हलकेच सासूबाईंच्या खांद्याला हात लावला. "अहो, झोप लागली का?"

सासूबाई दचकून उठल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "मी कुठं झोपले? नुसते डोळे मिटले होते."

आजी मट्‌कन गादीवर बसल्या आणि हसू लागल्या. इतक्या, की डोळ्यांतून पाणी आलं. लांबच्या टोकाला सूनही उशीत तोंड खुपसून हसत होती. आजींनी डोळे पुसले, मागं वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, नुसती हसतेस काय? यांना चहा सांग. आणि मलाही भूक लागलीय."

गादीवाल्यांनी कपाळावरचा घाम पुसला. सासूबाईंना कळेना, सगळे आपल्याकडे एवढ्या प्रेमानं का बघताहेत.

एक टाका उसवला होता, पण शुक्रवार शिल्लक होता. पुन्हा असं घडलं तर काय, असं मॅडम विचारणार हे काकूला ठाऊक होतं आणि त्याचं उत्तर तिच्यापाशी नव्हतं. घरी येऊन ती मशीनपाशी बसली. मन लागत नसलं की ती शिवायला घ्यायची. नवऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याची बाही आखूड करायची होती. कच्चे टाके घालायला तिनं डब्यातून दोरा काढला, सुईत ओवला आणि पहिला टाका घालून तशीच थांबली.

दोरा लालभडक होता.

पडद्यांच्या दुकानात पहिल्याच दिवशी तिला थोरल्या कारागिरानं शिकवलं होतं, पांढऱ्या कापडावर कच्चा टाका पांढऱ्या दोऱ्यानं कधी घालू नकोस. दिसणार नाही, राहून जाईल आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन लोंबेल. दोरा असा घे, की डोळ्यांत खुपला पाहिजे. नंतर आलेल्या कितीतरी मुलींना तिनंही हेच शिकवलं होतं. आणि ऑफिसात बसून तिनं काय केलं होतं? गादीच्या पानावर झोपेच्या गोष्टी! पांढऱ्यावर पांढरा! चश्मिसला तरी तो कसा दिसावा?

"अहो!" ती एकदम ओरडली. "सापडलं!"

"सुई?" नवरा घाईघाईनं खुर्चीवरून उठत म्हणाला.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी तिला बोलावलं. "गादीवाल्यांचा फोन आला होता. खूश आहेत. तुमच्या सासूबाईंना पुन्हा पाठवा म्हणतात." त्या हसल्या नाहीत. "पण काकू, मला एवढंच सांगा, हे पुन्हा होणार नाही कशावरून?"

"मला बजावून भागणार नाही, मॅडम. बजावलेलं घाईत विसरतं माणूस. जरा हे बघता का?"

तिनं एक कोरं पान उघडलं आणि त्यात भरतीचा मजकूर घातला. तो घालताक्षणी त्याच्यामागे लालभडक पट्टा आला, असा की डोळे दिपावेत. "गिऱ्हाइकाचा पक्का मजकूर आला अशी नोंद केली की हा लाल जातो. तोवर कितीही सुंदर लिहा, हा असाच बोंबलणार. आता तुम्ही वेबसाइट सुरू करून बघा."

मॅडमनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. स्क्रीनवर ओळ आली, "थांबा. एक कच्चा टाका राहिलाय." खाली पानाचं नाव आणि ओळीचा नंबर.

मॅडमनी मुद्दाम तो मजकूर आतल्या एका पानावर लपवला. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तीच ओळ. मग कुठं त्या हसल्या. "हे सगळ्यांच्या कामाला लावा. आजच. आणि जाताना दार ओढून घ्या, पक्क्या माणसाचे कागद मला शांतपणे करायचेत."

काकू बाहेर आली ती दार ओढून घ्यायला विसरूनच.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर ती तपासणी बसली आणि चश्मिसनं तिचं नाव ठेवलं सासूबाई. "सासूबाईंनी अडवलं रे," अशी हाक ऑफिसात एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाऊ लागली. आता तर नव्यानं आलेल्यांना वाटतं, त्या तपासणीचं खरं नावच ते आहे.

त्या संध्याकाळी काकूनं घरी पेढ्याऐवजी गादीवाल्यांच्या आईनं ऑफिसात पाठवलेली उशी सासूबाईंच्या हातात ठेवली आणि सगळं सांगितलं.

"माझं नाव दिलं? आणि काय करते ती?"

"कुणाची चूक राहिली असली, तर पुढं जाऊच देत नाही."

"मग शोभतंय." सासूबाईंनी उशी मानेखाली घेऊन दाबून पाहिली. "पण डुलकी वगैरे काढत नाही ना ती? नाहीतर माझं नाव खराब व्हायचं."

"नाही. कायम जागी असते."

"माझ्यासारखीच," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

थोड्याच वेळात कपाटातली भांडी बोलू लागली.