झाडं एका वर्षात इतकी जाड कशी झाली

"सर, सोमवारी रिपोर्ट पाठवू नका. माझी मापं चुकलीत."

धुळ्याच्या ऑफिसातून आमचे प्रोजेक्ट हेड फोनवर म्हणाले, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय. माहितीय ना?"

"माहितीय, सर."

मी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी उभी होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, आणि ही पहिली नोकरी याच सरांनी दिलेली.

जंगल किती कार्बन साठवतं ते आम्ही मोजतो. झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन लाकूड बनवतं. म्हणून दरवर्षी त्याच झाडांचा घेर टेपने घ्यायचा, जमिनीपासून एक मीटर सदतीस सेंटिमीटरवर. ती जागा दिसावी म्हणून खोडावर रंगाचा पट्टा असतो.

यंदा झाडं भलतीच जाड निघाली. सर खूश झाले. "हवेत कार्बन वाढला, झाडांना खुराक मिळाला. हेच लिहू." मला पटेना. खुराक वाढला तरी पाणी नको का? पाऊस तर दोन वर्षं कमीच होता. शुक्रवारी मी परत गेले आणि पट्ट्याची उंची मोजली. पट्टा वीतभर खाली होता. बुंध्याकडे खोड जाडच असतं.

बरोबर गावातले वाटाडे नाना होते.

"नाना, पट्टा कोणी मारला?"

"मीच. तुमना रंग उडी ग्या व्हता. दिवाळीले घरले गेरू लावा, उरना तो बठ्ठा झाडेसले लाई दिधा."

"एवढा खाली?"

"मन्ही कंबर वाकेल शे, पोरी. तू त शिकेल शे ना? तू मोजी लेवाले पाहिजे व्हतं."

खरं होतं. पट्टा दिसला की टेप गुंडाळायची, इतकंच मी केलं होतं. तिथूनच सरांना फोन लावला होता.

"परत मोजायला किती दिवस?" सरांनी विचारलं.

"चार."

"दोन देतो."

शनिवार-रविवार मी आणि नानांनी मिळून मोजलं. उंचीची खूण केलेली, खोडाला टेकवायची काठी नानांनी मला धरू दिली नाही. घेर जेमतेम वाढले होते, काही झाडांचे तर मुळीच नाही. रिपोर्टमध्ये तसंच गेलं: हवेतला कार्बन वाढतोय, पण पाण्यावाचून हे जंगल त्या वेगाने तो साठवू शकत नाही.

कॉन्ट्रॅक्ट वर्षाऐवजी सहा महिन्यांचं मिळालं. आता आधी जमिनीपासून उंची मोजते, मगच टेप काढते. मनासारखा आकडा आला तर दोनदा.