कासार आंबोलीची गांधीलमाशी आणि वारुळातला राजा

सायलीचा मेसेज आला : ‘तासभर गप्प बसून ऐकणार असशील तर ये. मग धरणावर जाऊ.’ पुढच्या मिनिटाला गाडीची किल्ली माझ्या हातात होती.

सायली माझ्याच वर्गातली. मी सरांशी भांडून मधेच कॉलेज सोडलं. ती टिकली, आणि आता कासार आंबोलीत काकूंकडे खोली घेऊन वाळवीचा अभ्यास करते. तिची तक्रार एकच, मी तिला वाक्य पुरं करू देत नाही.

रविवारी जाणार असाल तर चांदणी चौक लवकर ओलांडा. मेसेजच उशिरा आल्यानं मी उशिरा निघालो, भूगावात दोन कारवाल्यांशी भांडलो आणि भुकूमला मिसळ हाणली. शंभराच्या आत, डोळ्यांत पाणी. पिरंगुटनंतर रस्ता मोकळा.

काकूंच्या ओसरीवर वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं. एक माझ्याभोवती घोंगावली.

“आरं, हात हलवू नगंस! ती काय भांडाया आलीया व्हय?” काकू ओरडल्या.

“मग अंगावर कशाला येते?” म्हणत मी हेल्मेट फिरवलं.

डंख थेट ओठावर. काकूंनी चंचीतला चुना फासला. सायली बाहेर आली आणि माझं थोबाड बघून पायरीवरच बसली, हसत.

मागं बांधावर माझ्या खांद्याएवढं वारूळ, हळदीकुंकू वाहिलेलं. चपला काढून बसलो.

“लाकूड गांधीलमाशी आणि वाळवी दोघी चावतात,” सायली सांगू लागली. “गांधीलमाशी त्या लगद्याचं कागदी घर बांधते, उघड्यावर. राखायला नांगी. बहुतेक एका हंगामाचा संसार. वाळवीचं सगळं मातीत, अंधारात. पण हे वारूळ बघ.”

“मी लगीन हून आले तवा कमरंएवढं हुतं,” काकू म्हणाल्या.

“आणि गांधीलमाशीचा नर मीलनानंतर फार जगत नाही. वारुळात मात्र राजा असतो. राणीशेजारी, एकाच कोठडीत, जन्मभर.”

यावर माझ्याकडे जबरदस्त वाक्य होतं. पण ओठाचा बटाटेवडा झालेला. गिळलं.

“तास झाला,” सायली म्हणाली. “काकू, हा तास धरायचा का?”

“धर की! कशानं का व्हईना, गप बसला न्हवं?”

पौडच्या पुढे धरणाच्या कडेनं गार वारा, रस्ता वळणावळणाचा. मक्याचं कणीस घेतलं, पण मला चावता येईना. सायलीनं दाणे सोडून एकेक हातावर दिले. फोटो एकही काढला नाही, त्यामुळे इथं दाखवायला काही नाही.

मंगळवारी ओठ जागेवर आला आणि तिचा फोनही. ते वाक्य जिभेवर तयारच होतं. तेवढ्यात तीही बोलायला लागली.

“आधी तुझं होऊ दे,” मी म्हणालो.

मग ती हसली, आणि बराच वेळ बोलत राहिली.