पातळ तीन, गाठ पुढं

सारं जळगाव जामोद व्यायामाला निघताना अंगावरचे कपडे काढायचं, हवालदारकाका चढवायचे. आखाड्यातली पोरं भर हिवाळ्यात लंगोटावर दंड मारत आणि काका पहाटे वेशीशी उभे राहत ते बंडीवर बंडी, तिच्यावर सदरा आणि कानांवरून मफलर अशा थाटात. लोक त्यांना 'गाठोडं' म्हणत. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा.

तरुणपणी ते लामावर गेले होते, म्हणजे जर्मनच्या पहिल्या लढाईत. तिथून एक पितळी बिल्ला आणि अर्धीच चालणारी छाती घेऊन परतले. सातपुड्यावरून वारा उतरू लागला की त्यांना धाप लागे. डॉक्टरांनी बजावलं, हिवाळाभर घराबाहेर पडायचं नाही. काका म्हणाले, "बसून राह्यलो तं छाती गंजते, साहेब. मले चालू द्या. कपड्याचं मी पाहतो." चालणं सुटलं की आपण संपलो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून रोज नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं.

मी त्यांच्यासोबत निघालो तो नव्या लग्नाच्या तोऱ्यात. सासऱ्यांनी दिलेला काळा लोकरी कोट गावाला दाखवायला दुसरी वेळ सापडेना! नाला येईपर्यंत मी घामाने निथळलो. कोट काढून ऐटीत खांद्यावर टाकला आणि वाऱ्याला छाती दिली. पुढे तापाने फणफणून अंथरूण धरलं. काका उशाशी येऊन बसले. "सासऱ्याचा कोट आन् जावयाचा घाम! कांदा पाह्य बे. एकच जाड साल हाये का त्याले? पातळावर पातळ. गरम झालं का एक काढावं, थांबलं का चढवावं." मी बरा होईपर्यंत त्यांनी शिंप्याकडून त्या कोटाचं अस्तर उसवून मला एक बंडी शिवून आणली. सासूबाई पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तेव्हापासून रोज वेशीत माझी तपासणी. "काऊन बे, कान झाकले का?" मी मफलरची गाठ मानेमागे मारायचो, ते ती सोडून हनुवटीखाली घ्यायचे. "गाठ पुढं! मांगं बांधली तं सुटली कवा, तुले समजत नाही." मी रोज विसरायचो. गाठीच्या बाबतीत माझं डोकं मडक्यासारखं, वरून भाजलेलं आणि आत रिकामं.

मग दुसरी लढाई आली आणि कापड कंट्रोलवर गेलं. काकांच्या बंड्या विरून जाळी झाल्या होत्या. बऱ्याच खटपटीनं त्यांना मांजरपाटाचा एक तुकडा मिळाला होता. दिवाळीनंतर शिवायचा म्हणून त्यांनी तो कोराच घडी घालून ठेवला होता. त्यातच शेजारच्या किसन कुंभाराची आई गेली. प्रेतावर घालायला कोरं कापड लागतं आणि ते गावात कुठे मिळेना. किसन दारोदार फिरून रिकामा आला. काका आत गेले आणि ती घडी आणून त्याच्या हातात ठेवली.

मी चिडून म्हणालो, "काका, मेल्या माणसाला कसला वारा लागतो?"

"तिले नाही लागत," काका म्हणाले. "किसनले लागंन, जल्मभर."

त्या हिवाळ्यात ते जाळीच झालेल्या बंड्यांवर निघू लागले. मी माझा कोट पुढे केला. "अस्तर नाही त्याले," ते हसून म्हणाले, "थे तं मीच काढलं." पौषात ते नाल्याच्या अलीकडूनच परतू लागले, माघात वेशीतून. शेवटी शेवटी सगळे कपडे चढवून, मफलर बांधून ओट्यावर बसत आणि मला जाताना पाहत. मी परतलो की पहिला प्रश्न, "वारा कसा हाये?" मी खोटंच सांगे, "पडला, काका."

एका सकाळी ओटा रिकामा दिसला.

कोरं कापड तेव्हाही मिळालं नाही. किसनने घरातलं धुवट धोतर आणलं, कुणी पंचा आणला, मी माझी अस्तराची बंडी काढली. म्हातारे कुरकुरले, "वापरलेलं चालत नाही."

"चालते," किसन म्हणाला. "एक जाड त्याईले कधी चाललंच नाही."

तिन्ही पातळ कापडं एकावर एक घातली. मी त्यांचा मफलर त्यांच्याच कानांवरून बांधला. तिरडी निघाली. वेशीबाहेर विसाव्याला ती खाली टेकली, खांदे बदलायला लोक पुढे झाले, तेव्हा मला दिसलं. मफलर सैल होऊन एक कान उघडा पडला होता. मी गाठ मागे मारली होती.

सातपुड्याचा वारा सुटला होता. मी खाली बसलो, मफलर सोडला आणि गाठ हनुवटीखाली घेतली. बोटं गारठली होती, वेळ लागला. गाठ बसल्यावरच खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली.