पुष्पानं राखलेलं वसतिगृह

पुष्पा धोडीनं आमचं नवं वसतिगृह मला पहिल्यांदा दाखवलं, तेव्हा त्या जागेवर कमरेएवढं गवत होतं.

२०१५ सालची गोष्ट. तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे, मी तिथली अधीक्षिका. मूळची डहाणूजवळच्या नरपडची, चिकूच्या वाडीत वाढलेली. नोकरीसाठी इथं आले ती इथलीच झाले. पुष्पा आमच्या जुन्या वसतिगृहातली मुलगी. पाचवीत आली तेव्हा आईचा पदर सोडत नव्हती. पुढं तिनं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि मुंबईत इमारतींची कामं करणाऱ्या एका ऑफिसात लागली. संस्थेनं नव्या इमारतीचं काम नेमकं त्याच ऑफिसाला दिलं आणि पुष्पा लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

पडद्यावर अख्खी इमारत उभी होती. तिनं बोट फिरवलं की ती वळायची, छत बाजूला व्हायचं, आतल्या खोल्या दिसायच्या. एका नळावर तिनं खूण नेली, तर तो नळ कुठल्या पाइपला जोडलाय, ते पाणी कुठल्या टाकीतून येतं, सगळं समोर आलं.

"चित्र छान आहे गं," मी म्हटलं.

"चित्र नाही, ताई. याला बिम म्हणतात. बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. आपला आडवा बीम नव्हे." ती हसली. "जुनी इमारत आठवते ना? वायर कुठून गेलीय कुणालाच माहीत नव्हतं. वायरमन आला की दर वेळी नवी भिंत फोडायचा. नकाशे कपाटात कुजले होते. हे तसं कुजायचं नाही. बांधताना जे बदलेल ते यात बदलायचं, आणि मुली राहायला आल्यावरही. पंप कधी बसवला, दार कधी बदललं, कुठं गळलं. इमारत पडेपर्यंत याची साथ."

"पडेपर्यंत कशाला म्हणतेस?"

"प्रत्येक इमारत कधीतरी पाडावी लागते, ताई. तेव्हाही लागतं हे."

काम सुरू झालं तसा मला त्याचा उपयोग कळत गेला. स्वयंपाकघराच्या वर सांडपाण्याचा पाइप बीममधून आरपार जात होता. कागदावर तो कुणाच्या लक्षात आला नव्हता. पडद्यावर दोन्ही एकमेकांत घुसलेले दिसले आणि स्लॅब घालायच्या आत पाइपची वाट बदलली. कपडे धुवायचे दगड मागच्या अंगणात हवेत असं मी म्हटलं, तर तिनं माझ्यासमोर ते तिथं मांडून, उन्हाची बाजू कोणती हेही दाखवलं.

तिचा बाप लाहू याच कामावर मजूर होता. जेवणाच्या सुट्टीत तो लॅपटॉपसमोर उकिडवा बसायचा आणि लेकीकडे जास्त, पडद्याकडे कमी बघायचा. एकदा म्हणाला, "बाय, आपलं पन असंच पक्कं घर करू. कुडाचं पुरे झालं."

त्यांचं घर कारवीच्या कुडाचं होतं, वर शेणमातीचा लेप. पाड्यावर एकेकानं विटांचं घर बांधायला घेतलं होतं आणि लाहूच्या मनानं ते धरलं होतं. पुष्पानं साठवलेलं सगळं त्याला दिलं. पण घर उभं राहत होतं तेव्हा ती मुंबईत दुसऱ्या कुणाच्या तरी इमारतीच्या मॉडेलवर बसली होती. दारखिडक्यांच्या वर चारी भिंतींना बांधून घेणारा काँक्रीटचा पट्टा घाला, असं तिनं फोनवर सांगितलं. लाहू म्हणाला, "मिस्त्री बोलतो, आपल्याकडं कोणीच घालत नाय." दिवाळीला ती आली तर घर उभं होतं, गुलाबी रंगसुद्धा लागला होता. तिची आई बायजा तेवढी कुरकुरत होती, की विटांच्या घरात उन्हाळ्यात जीव घाबरतो. लाहू खाटेवर बसून भिंतीला हात लावून बघत होता. पट्टा घातलाच नव्हता, हे पुष्पाला कळलं. त्याचा तो आनंद बघून बोलवलं नाही, असं तिनं मला पुढं सांगितलं.

२०१७ च्या जूनमध्ये मुली नव्या वसतिगृहात राहायला आल्या. पुष्पाचं ऑफिसचं काम खरं तर तिथं संपलं होतं, पण ती अधूनमधून येतच राहिली. पंप बदलला, खिडकीच्या जाळ्या बसवल्या, की सगळं मॉडेलमध्ये भरायची. मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. सोमी नावाची आठवीतली मुलगी तर तिला सोडायचीच नाही. "मला पण हे शिकव," म्हणायची, आणि पुष्पा तिला खरोखर शिकवायची.

२०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज, मग धक्का. डहाणू-तलासरीच्या कितीतरी गावांत लोकांनी घरात झोपणं सोडलं. मी मुलींना अंगणात गाद्या टाकून झोपवत होते. थंडी मरणाची. हळूहळू आईबाप येऊन मुलींना घेऊन जायला लागले, आणि मी कुणाला अडवणार होते?

फेब्रुवारीत एका दुपारी मोठा धक्का बसला. लाहू बाहेरच होता. रात्री लागतील म्हणून गोधड्या आणायला तो आत गेला होता तेवढाच. मागची भिंत अख्खी आत कोसळली. पाड्यावरच्या लोकांनी विटा उपसून त्याला काढला आणि जीपमध्ये घातला, पण दवाखान्याआधीच तो गेला.

दिवसकार्य झाल्यावर मी बायजाला भेटायला गेले. पुष्पा पडलेल्या भिंतीसमोर बसली होती. मी शेजारी बसले. ती म्हणाली, "ताई, लोकांच्या इमारतीत एक पाइप चुकला तर मी रात्रभर झोपत नाही. आणि माझ्या बाला मी फोनवर सांगितलं. फोनवर."

"तू इथं असतीस तरी त्यानं मिस्त्रीचंच ऐकलं असतं."

"ऐकलं असतंही. पण मी इथं नव्हते."

पुढच्या आठवड्यात ती ऑफिसच्या इंजिनिअर साहेबांना घेऊन वसतिगृहात आली. दोघं लॅपटॉप हातात धरून खोली-खोली फिरली. कुठल्या कॉलममध्ये किती सळ्या, कुठं काय घातलंय, हे सगळं मॉडेलमध्ये होतं. ते बघत बघत प्रत्येक भेग त्यांनी तपासली. भेगा गिलाव्याच्या होत्या. साहेब म्हणाले, इमारतीला काही झालेलं नाही, भूकंपाचा विचार करूनच बांधलीय, मुलींना खुशाल आणा. पुष्पानं मान हलवली आणि त्या भेगाही मॉडेलमध्ये भरल्या. तिचे डोळे कोरडे होते. मलाच तिच्याकडे बघवेना.

मग आम्ही दोघी पाड्यापाड्यांवर फिरलो, मुलींना परत पाठवा म्हणून सांगत. काही घरांनी ऐकलं. सोमीच्या घरी गेलो तेव्हा तिची आई गंगी अंगणात तंबूच्या दोऱ्या घट्ट करत होती. पुष्पानं तिला सगळं समजावलं, लॅपटॉप उघडून दाखवला. गंगीनं ऐकून घेतलं.

"तुला एवढं घर कळतं," ती शांतपणे म्हणाली, "मग तुझा बा कसा गेला?"

मला वाटलं, पुष्पा उठून जाईल. ती बसून राहिली.

"ते घर मी बघितलं नव्हतं, काकी. हे बघितलंय. पायापासून."

"तुझं खरं असंल. पन माझी एकच पोर हाय. मी नाय पाठवत."

सोमी तंबूच्या तोंडाशी उभी होती. पुष्पानं तिच्याकडे पाहिलं, तर तिनं मान खाली घातली. जूनमध्ये वसतिगृह उघडलं तेव्हा ती आली नाही. झाईच्या पलीकडे, गुजरातेतल्या एका कारखान्यात ती आईबरोबर खोकी भरायला जाते, असं कळलं. मी एकदा गेले होते तिला आणायला. भेटली नाही, किंवा तिला भेटायचं नव्हतं. मुली कमी आल्यानं वरच्या मजल्यावरचा एक अख्खा भाग आम्ही बंद ठेवला. इमारत शाबूत आणि खोल्यांना कुलपं.

बायजानं विटांच्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाकारलं. शेजारच्या बायकांनी मिळून तिला कुडाची झोपडी उभी करून दिली, पुष्पानं त्यांच्याबरोबर शेणमाती लिंपली.

तिनं मुंबईची नोकरी सोडली. डहाणूत एक खोली घेऊन ती तिथूनच जुन्या ऑफिसचं थोडं काम करते, आणि उरलेल्या वेळात पाड्यांवर जिथं नवी भिंत उभी राहते आहे असं कळेल तिथं जाते. पट्टा घाला, कोपऱ्यात सळई घाला, एवढंच सांगते. कुणी हो म्हणतं, कुणी पाणी देऊन वाटेला लावतं. मी सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर जाते.

लोकांना तिचं शिक्षण, लॅपटॉप, काहीच पटत नाही. शेवटी कुणीतरी विचारतंच, "तुला एवढं काय पडलंय गं?" मग ती लाहूची गोष्ट सांगते. गोधड्या आणायला आत गेला, भिंत आत पडली, त्या भिंतीला पट्टा नव्हता. आवाज न चढवता सांगते, मिस्त्री ऐकत असला तर त्याच्याकडे बघून सांगते. कधी कधी त्यानं काम होतं. माणूस मिस्त्रीला म्हणतो, घाल बाबा ती बोलते ते.

ती गोष्ट सांगावी लागली, की परतीच्या जीपमध्ये ती खिडकीशी बसते. डहाणू येईपर्यंत ती बाहेर बघत असते.