सुमनचा डावा हात

मैत्रिणींनो, फार थकलेय, तरी पथकाच्या फिरत्या वहीत आजचं आजच लिहिते.

उंब्रजची सुमन आज साताऱ्यात गाइडचं वचन घेणार होती. महिनाभर मीच तिच्याकडून ते घोकून घेतलं होतं. तीन बोटं वर करून ती म्हणाली, "देवाशी आणि..." अन् थांबली.

"राजाशी एकनिष्ठ राहीन," पथकाच्या बाईंनी आठवण करून दिली.

"त्ये न्हाई म्हननार, बाई. त्या गोऱ्या राजाच्याच पोलिसांनी दादाला चळवळीत पकडलंय."

बाईंनी बिल्ला पेटीत परत ठेवला. जाताना सुमननं आपल्या गाइडच्या रीतीप्रमाणे हस्तांदोलनाला डावा हात माझ्यापुढं केला. मी नुसती बाईंकडं बघत राहिले. हात तसाच मागं गेला.

'राजाशी' हा शब्द माझ्या वचनाच्या वेळी मी सहज उच्चारला होता. खरं सांगा, तुमच्यापैकी कुणी तो हात धरला असता?